कान हा प्रकाशित स्रोत नाही

प्रिय मामा,

फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू कुठे देतोस? ‘काय गं किडा, आज कुणाची खोडी काढलीस?’ एवढं विचारतोस आणि स्वतःच असा हसत सुटतोस की माझा मुद्दा राहतो बाजूला. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येणार नाही, म्हणून हा खटाटोप. अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून फिरली आहे, चालवून घे. आपल्या घरात अक्षर तुझ्या वाट्याला आलं, चित्र आईच्या वाट्याला आलं आणि माझ्या अंगात नुसते किडे आले.

आधी बरी बातमी. मी कामाला लागले. शाळेचं आणि माझं कधी पटलं नाही, पण संग्रहालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मार्कशीट कोण विचारतंय? मालकाची बोटं मशीनच्या शाईने, म्हणजे टोनरने, कायम काळी, म्हणून आम्ही त्याला टोनरच म्हणतो. आल्या आल्या मी त्याच्या चष्म्याची रंगीत झेरॉक्स काढली, कात्रीने नीट कापली आणि काउंटरवर चिकटवून ठेवली. बिचारा येता-जाता चष्मा उचलायला जायचा आणि नखांनी काउंटर खरवडत बसायचा. मला वाटलं, आता गेली नोकरी. तर म्हणतो कसा, एवढं स्वच्छ कापणारं माणूस मला बाइंडिंगला हवंच होतं. आई अजून बेकरीतच आहे, केकवर लोकांची नावं लिहिते. मध्ये एका बाईंनी वाढदिवसाच्या केकवर त्यांचा म्हातारा कुत्रा काढून मागितला. आईने असा काढला की बाई सुरी हातात धरून नुसत्या उभ्या. कापवेना. शेवटी दुसरा केक विकत घेऊन तो कापला.

आता दुसरी बातमी. ही तुला आईकडून कळायची नाही, कारण तिने मलासुद्धा सांगितलेली नाही. संग्रहालयात चित्रकाराची जागा निघाली. हाडं, पिसं, शिंपले, वाळलेली पानं समोर ठेवायची आणि जशीच्या तशी कागदावर उतरवायची, त्याचा पगार. म्हणजे आईला समोर बसवूनच काढलेली जाहिरात की रे! ती आमच्याच दुकानात छापायला आली होती. मी एक प्रत घरी नेली आणि भांडून भांडून आईला अर्ज करायला लावला. ती गेली मुलाखतीला. मुखपृष्ठावर तिची चित्रं असलेले कोश दोन पिशव्यांत भरून नेले, शरीरकोश, पक्षीकोश, वनस्पतिकोश, सगळे उशीएवढे जाड. नमुने दाखवा म्हटल्यावर ती दुसरं काय दाखवणार? मूळ चित्रं प्रकाशकाकडून कधी परत आलीच नाहीत. समोर तिघं बसलेले. एकाने शरीरकोश उघडला, आतल्या पानावर ‘मुखपृष्ठ’ असं छापून पुढे तुझं नाव. दुसऱ्याने मोबाईल काढला आणि इंटरनेटवरचा तो सगळ्यांनी मिळून लिहायचा ज्ञानकोश असतो ना, त्यात याच पुस्तकाचं पान उघडलं. तिथे मुखपृष्ठाचं टिचभर चित्र आणि खाली परत तुझंच नाव. मग त्यांनी आईला विचारलं, बाई, ही चित्रं तुमची कशी?

हे मला संग्रहालयाच्या शिपायाने सांगितलं. तो चहा घेऊन आत गेला होता आणि कप उचलायच्या निमित्ताने तिथेच रेंगाळला. तो म्हणाला, तुझी आई फक्त म्हणाली, मी काढलीयेत. त्यांनी परत विचारलं, तर परत तेवढंच. मामा, ‘हा माझा सख्खा धाकटा भाऊ आहे’ एवढं एक वाक्य टाकलं असतं तर निदान गाडी पुढे सरकली असती. पण ते वाक्य टाकलं की तू अडकला असतास. म्हणून स्वतः खोटारडी ठरली आणि कोश उचलून घरी आली. त्यांनी सांगितलं, शहानिशा करून कळवतो. घरी आल्यावर तिने इस्त्री काढली आणि घरातलं होतं नव्हतं ते सगळं कापड इस्त्री केलं, ओट्याची फडकीसुद्धा. मी विचारलं, कसं झालं? तर म्हणाली, गरम आहे, लांब उभी राहा.

माझं डोकं सटकलं. त्या ज्ञानकोशात कुणालाही लिहिता येतं हे मला माहीत होतं, कारण एकदा मी तिथे आपल्या गल्लीतल्या बोक्याला नगराध्यक्ष केलं होतं. तेव्हा मी सरळ शरीरकोशाच्या पानावर गेले, चित्रापुढचं तुझं नाव खोडून आईचं घातलं, तुझं फक्त अक्षरांपुढे ठेवलं. चहा प्यायले, येऊन बघते तर परत तुझं. परत बदललं. परत तुझं. तिसऱ्यांदा बदललं, तर माझंच लिहिणं बंद करून टाकलं, वर त्या बोक्याचीही चौकशी निघाली. हे सगळं करणारा एकच जण होता. तिथे तो ‘घुबड’ या नावाने लिहितो. बाई आहे की बुवा, म्हातारा की तरणा, मला आजपर्यंत माहीत नाही, पण मी त्याला बुवाच धरते, कारण तो प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘कृपया’ लावतो आणि तरी रागावल्यासारखाच वाटतो.

बंदी उठल्यावर मी त्याच्याशी भांडायला गेले. प्रत्येक पानाला मागे एक चर्चेचं पान असतं, तिथे हे लोक तावातावाने वाद घालतात. मी लिहिलं, हे चित्र माझ्या आईने काढलंय, मी तिच्याच घरात राहते, याहून मोठा पुरावा काय हवा? घुबड म्हणाला, पुस्तकाचं नाव, आवृत्ती आणि पान सांगा, कृपया. मी म्हटलं, पुस्तकात चुकीचं छापलंय हेच तर बोंबलतेय. तो म्हणाला, तुमचं खरं असेलही, पण इथे आपण खरं-खोटं ठरवायला बसलेलो नाही, कुठे काय छापलंय ते सांगायला बसलोय. मी म्हटलं, म्हणजे एकदा चुकीचं छापलं की झालं, जन्माचं लफडं? तो म्हणाला, चुकीचं छापलेलं नीट करायचं तर परत छापावं लागतं. हे वाक्य मला फार झोंबलं. सांगून ठेवते, ते मी तुझ्यासाठी इथे मुद्दाम उतरवलंय.

मग मी, म्हणजे मी, मामा, तुझी किडा, ग्रंथालयात गेले. हसू नकोस. ग्रंथपाल बाईंनी आधी माझे हात बघितले, मग मला. कोश घरी मिळत नाहीत, इथेच बसून वाचायचे म्हणाल्या, आणि खिडकीपाशी माझ्यासाठी खुर्ची ओढून दिली, नजर ठेवायला. तुझं नाव छापलेले सगळे कोश मी उलटेपालटे केले. प्रस्तावनेत छपाईचे खिळे जुळवणाऱ्याचे आभार, मुद्रितं तपासणाऱ्याचे आभार, बांधणी करणाऱ्याचे आभार. एका महाभागाने काम चालू असताना गच्ची वापरू दिल्याबद्दल घरमालकाचे आभार मानलेत. आई कुठेच नाही. घरमालकाची गच्ची छापून आली रे, आणि जिच्या चित्राकडे बघून लोकांनी पुस्तक हातात घेतलं ती नाही. पण एक झालं. शोधता शोधता मी ते कोश वाचायला लागले. चिचुंद्रीचं एक अख्खं पान आहे! ज्ञानकोशात चिचुंद्रीबद्दल कुणीतरी तोंडाला येईल ते खरडलं होतं, ते मी कोशातलं बघून नीट केलं आणि खाली पान क्रमांक दिला. घुबडाने मला ‘आभार’ म्हणून लिहिलं. कृपया न लावता. मला लेखी आभार मिळायची ही पहिलीच वेळ. मी त्याची झेरॉक्स काढली.

आता मुखपृष्ठांचं ऐक. तुझ्या कुणा चाहत्याने ज्ञानकोशातल्या तुझ्यावरच्या पानावर सगळी मुखपृष्ठं ओळीने टांगली होती, दुकानातल्या साड्यांसारखी. घुबडाने एका झटक्यात सगळी उतरवली. त्यांचा नियम असा, की मुखपृष्ठ ही दुसऱ्याची मालमत्ता, ती शोभेला वापरायची नाही. फक्त त्या-त्या पुस्तकाच्या पानावर एकदा लावायची, लोकांना पुस्तक ओळखता यावं म्हणून, आणि तेही इतकी बारीक की कुणाला त्याची नक्कल मारता येऊ नये. त्या दिवशी मला घुबडाचा मुका घ्यावासा वाटला. पण तोच नियम मलाही नडला. कारण शरीरकोशाच्या मुखपृष्ठावर काय आहे? कान. कुणाचा? माझा! आणि बारीक चित्रात तो कान काजूसारखा दिसतो. कुठल्याही माणसाचा कुठलाही काजू.

खालच्या शिंप्याचा पोपट आठवतो ना? गिऱ्हाइकांना शिव्या द्यायला मी त्याला शिकवत होते, आणि त्याने गुरुदक्षिणा म्हणून माझ्याच कानाच्या वरच्या कडेचा तुकडा तोडला. आईने ती खाचसुद्धा काढली होती. तू म्हणालास, ताई, एवढं बुजवून टाक, शरीरकोशावर असला कुरतडलेला कान चालेल का? आई म्हणाली, समोर जे आहे ते काढणार, पसंत नसेल तर दुसरं पोर आण. मग तूच प्रकाशकाला शेंडी लावलीस, की वाचकाची नजर खिळावी म्हणून ती खाच मुद्दाम ठेवलीय. तो म्हणे वा वा म्हणाला. आईने हे किती वेळा हसून सांगितलंय. तुझी थाप ती अजून कौतुकाने सांगते. आणि मला काय आठवतं सांगू? मला जागेवर बसवत नव्हतं, म्हणून तू स्टुलामागे उभा राहून माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं होतंस. हललीस तर दुसरा कानही पोपटाला देईन म्हणत होतास. दोन्ही हातांनी, मामा. मग ब्रश तुझ्या कुठल्या हातात होता?

मी घुबडाला विचारलं, चित्र मोठं कसं करता येईल? तो म्हणाला, ज्याचं चित्र त्याने लेखी परवानगी दिली तरच. प्रकाशकाला विचारलं, त्याने कळवलं की चित्रांचे हक्क चित्रकाराकडे. चित्रकार म्हणजे छापील चित्रकार, म्हणजे तू. मी घुबडाला म्हटलं, विचारा, जरूर विचारा. खरं सांगते, मला आतून गुदगुल्या होत होत्या. मला वाटलं, आता मामा सांगणार. एवढा सरळ प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलाच नसेल, विचारल्यावर तो सांगून मोकळा होईल. तुझी मेल दुसऱ्याच दिवशी आली, घुबडाने ती चर्चेच्या पानावर उतरवली. ‘ही चित्रे मी स्वतः काढलेली असून ती मोठ्या आकारात वापरण्यास माझी हरकत नाही.’ खाली तुझं नाव. त्या मेलचा मजकूर तयार असतो, फक्त नाव घालायचं असतं, हे मला माहीत आहे. तू नीट वाचलंही नसशील. पण नाव तूच घातलंस ना?

तर तुझ्या कृपेने कान मोठा झाला. एकदम ताटाएवढा. खाच लखलखीत. मी माझ्या कानाचा फोटो काढला, चित्राशेजारी लावला आणि चर्चेच्या पानावर टाकला. जी धमाल उडाली! एकाने विचारलं, या कानाची आवृत्ती कितवी? मी म्हटलं, पहिलीच, पोपटाने सुधारलेली. घुबड मात्र गंभीर. त्याने लिहिलं, दोन्ही कान एकच आहेत हे मलाही दिसतंय, पण कान हा प्रकाशित स्रोत नाही, कृपया. आणि पुढे लिहिलं, यावरून चित्रातला कान तुमचा ठरेल, चित्र काढणारी तुमची आई ठरत नाही. मी चिडून चार ओळी टाईप केल्या आणि पुसल्या. कारण तो म्हणत होता ते बरोबर होतं. चित्र काढलं तेव्हा तिथे तीनच माणसं होती. मी पोर, माझं कोण धरणार? उरलात तुम्ही दोघं.

आईला हे सगळं बेकरीतल्या पोरीने मोबाईलवर दाखवलं. घरी येऊन तिने माझा तोच कान धरला. म्हणाली, कुणी सांगितलं होतं तुला माझी वकिली करायला? मी बाहेर पडू शकत नव्हते, तू पदराला होतीस, तो सायकलवर ऊन-पाऊस झेलत प्रकाशकांचे उंबरे झिजवायचा, पहिल्या वेळी त्याचं नाव चुकून पडलं, मग तसंच पडत गेलं, त्यात काय एवढं? माझा भाऊ आहे तो. मी म्हटलं, चुकून पडलं तर उचलायचं ना, दर पुस्तकाला परत परत कसं पडतं? तर म्हणाली, अक्षरं त्याचीच आहेत. आहेतच की! मी कधी नाही म्हटलं? ‘शरीरकोश’ हा शब्द तू असा काढलायस की त्यातल्या श ला पोट आहे आणि र ला कणा. मी ज्ञानकोशात तिन्ही वेळा लिहिलं होतं, चित्र आईच्या नावावर, अक्षरं तुझ्या नावावर. जाऊन बघ, जुनी खोडलेली वाक्यंही तिथे दिसतात. तुझ्या वाटणीचं एक अक्षरही मी चोरलेलं नाही. मला ते जमत नाही. घराण्यात आधीच एकाने ते खातं सांभाळलंय.

घे, लागलं ना? लागू दे. मी माफीबिफी मागणार नाही. तू मला सायकल शिकवलीस, शाळेने हाकलल्यावर घरी तूच आधी हसलास म्हणून बाकीचे रागवायचे विसरले, हे मी विसरलेले नाही. म्हणून तर आजवर घुबडालासुद्धा सांगितलं नाही की हा चित्रकार माझा मामा आहे. सांगितलं असतं तर तिथले लोक तुझं काय करतील ते तुला ठाऊक नाही, ते एका चुकीच्या पान क्रमांकावरून आठवडाभर भांडतात. पण आईसारखी मी गप्प बसेन या भ्रमात राहू नकोस. ती तुझी ताई आहे. मी नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. या पाकिटात आणखी एक कागद आहे, संग्रहालयाचा, शिक्क्याचा. त्यांचा प्रिंटर बिघडलाय, त्यांची पत्रं आमच्याकडे छापायला येतात आणि घड्या घालून पाकिटं चिकटवायचं काम माझं. तुझं नाव बघितलं आणि हे पाकीट मी मागे ठेवलं. त्यांनी लिहिलंय की एका उमेदवाराने तुमची मुखपृष्ठं स्वतःची म्हणून दाखवली आहेत, तरी तज्ज्ञ म्हणून मुलाखतीला हजर राहून आपण खात्री करून द्यावी. उमेदवाराचं नाव त्यांनी घातलेलं नाही, ते मी घालते: तुझी ताई. तिलाही त्याच दिवशी परत बोलावलंय. समोर कोण बसणार हे मी तिला सांगितलेलं नाही, कारण कळलं तर ती जाणारच नाही, तुझी फजिती नको म्हणून. तुलाही वाटेल, तब्येत बरी नाही असं कळवावं आणि सुटावं. तेवढं करू नकोस. तू आला नाहीस तर छापलेलं खरं आणि ती खोटी, विषय संपला. तेव्हा ये. काय बोलायचं ते मी शिकवणार नाही आणि तुझ्या पायाही पडणार नाही. खोटं बोलायचं ठरवलंस तरी ये. फक्त ते मेलवर नाव घालण्याइतकं सोपं नसेल. तिच्या समोरच्या खुर्चीत बसून, तिच्या डोळ्यात बघून बोलावं लागेल. मी बाहेर बाकावर असेन. आत काहीही होवो, ती बाहेर आली की तिला घरी मी नेणार. आमच्याबरोबर जेवायला कुणी तिसरं येणार का, ते तुझं तू ठरव.

अजून तरी तुझीच,
किडा